ब्लूज आणि आरंभीचे रॉकाबिली : पुसट सीमारेषेचा चिकित्सक विचार

बीजसंज्ञा : ब्लूज, रॉकाबिली, हिलबिली, सन रेकॉर्ड्स, वर्णभेद, संगीतप्रकारांची वर्गवारी, श्रेय आणि स्वामित्वहक्क

प्रस्तावना

विसाव्या शतकातील अमेरिकन लोकप्रिय संगीताच्या इतिहासात रॉकाबिली या प्रकाराचे आयुष्य अल्प आहे. स्थूलमानाने १९५४ ते १९५८ हा त्याचा बहराचा काळ. 'रॉक' आणि 'हिलबिली' या दोन शब्दांच्या संकरातून ही संज्ञा तयार झाली. हिलबिली म्हणजे दक्षिणेकडील डोंगराळ मुलखातील गोऱ्या ग्रामीण माणसाला हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द. एल्विस प्रेस्ली, कार्ल पर्किन्स, बिली ली रायली, जॉनी बर्नेट, वांडा जॅक्सन ही या प्रकारातील ठळक नावे. यांतील बहुतेक कलावंत गोरे, गरीब आणि दक्षिणेकडील होते. त्यांनी गायिलेल्या गीतांपैकी कितीतरी गीते मात्र त्यांच्यापूर्वी कृष्णवर्णीय ब्लूज गायकांनी ध्वनिमुद्रित केली होती. ब्लूज कोठे संपते आणि रॉकाबिली कोठे सुरू होते, हा प्रश्न त्यामुळे संगीताच्या अभ्यासकांपुढे सातत्याने उभा राहिला आहे.

या प्रश्नाची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. पहिल्या उत्तरानुसार रॉकाबिली म्हणजे गोऱ्यांनी केलेली ब्लूजची उचल होय. मूळ निर्माते उपेक्षित राहिले आणि अनुकरण करणारे धनवान झाले. दुसऱ्या उत्तरानुसार संगीताला वर्ण नसतो. दक्षिणेतील काळ्या आणि गोऱ्या श्रमिकांचे संगीत पूर्वीपासूनच मिसळलेले होते, म्हणून मालकीचा प्रश्न उपस्थित करणेच व्यर्थ आहे. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पहिले उत्तर दोन संगीतपरंपरांना दोन बंद पेट्या मानते आणि पुराव्याशी विसंगत ठरते. दुसरे उत्तर स्वरांच्या पातळीवरील सरमिसळ खरी मानते, परंतु त्या सरमिसळीच्या आधारे व्यवहारातील अन्यायाकडे डोळेझाक करते. सीमारेषा नादाच्या पातळीवर पुसट होती आणि श्रेय व मोबदला यांच्या पातळीवर अत्यंत ठळक होती, हे प्रतिपादन काही निवडक ध्वनिमुद्रिकांच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वर्गवारीचा उगम : व्यापाराची सोय

संगीताचे प्रकार हे संगीतातूनच निपजतात, असा एक समज असतो. अमेरिकन दक्षिणेच्या बाबतीत हा समज तपासून घ्यावा लागतो. १९२० साली मॅमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची 'क्रेझी ब्लूज' ही ध्वनिमुद्रिका ओके कंपनीने काढली आणि तिच्या खपाने व्यवसायाला एका नव्या ग्राहकवर्गाची जाणीव झाली. १९२३ साली त्याच कंपनीने अटलांटा येथे फिडलिन जॉन कार्सन या गोऱ्या व्हायोलिनवादकाचे ध्वनिमुद्रण केले. या दोन्ही प्रसंगांशी राल्फ पीअर या एकाच व्यावसायिकाचा संबंध होता. काळ्या ग्राहकांसाठी 'रेस' आणि गोऱ्या ग्रामीण ग्राहकांसाठी 'हिलबिली' अशा दोन स्वतंत्र सूची त्यानंतर रूढ झाल्या. सूची कोणती, हे कलावंताच्या आणि अपेक्षित ग्राहकाच्या वर्णावरून ठरे. गीताचा बंध, स्वरावली किंवा लय यांचा त्या निर्णयाशी संबंध असेलच असे नव्हते.

कार्ल हॅगस्ट्रॉम मिलर यांनी 'सेग्रिगेटिंग साउंड' (२०१०) या ग्रंथात हीच प्रक्रिया विस्ताराने मांडली आहे. दक्षिणेतील वादक-गायक श्रोत्यांच्या फर्माइशीनुसार नाचाच्या धून, भक्तिगीते, ब्लूज आणि शहरी लोकप्रिय गीते असे सर्व काही वाजवीत असत. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी मात्र त्यांच्या भांडारातून वर्णाला 'साजेसा' तेवढाच भाग निवडला. काळ्या व्हायोलिनवादकाने वाजविलेली ग्रामीण नृत्याची धून कोणत्याच सूचीत नीट बसत नसे, म्हणून ती क्वचितच तबकडीवर आली. पुढील पिढ्यांनी तबकड्या हाच इतिहास मानला आणि व्यापाराने आखलेली रेषा परंपरेची रेषा होऊन बसली.

१९४९ साली 'बिलबोर्ड' या व्यवसायपत्रिकेने 'रेस' ही संज्ञा टाकून 'रिदम अँड ब्लूज' ही संज्ञा स्वीकारली. ग्रामीण गोऱ्या संगीतासाठी 'कंट्री अँड वेस्टर्न' हे नाव आले. नावे सभ्य झाली. विभागणी कायम राहिली.

रेषेच्या आधीची देवाणघेवाण

रॉकाबिलीने गोऱ्या कंट्री संगीताचा आणि काळ्या ब्लूजचा संयोग घडविला, असे सर्रास म्हटले जाते. या विधानात संयोगापूर्वी दोन शुद्ध घटक होते, असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात 'गोरा' म्हणून दाखविला जाणारा घटकही निर्भेळ नव्हता.

कंट्री संगीताचे आद्य गायक जिमी रॉजर्स यांच्या 'ब्लू योडेल' मालिकेचा (१९२७ पासून) साचा ब्लूजचाच आहे. चार मात्रांचा एक खंड, असे बारा खंडांचे आवर्तन, पहिल्या ओळीची पुनरुक्ती आणि तिसऱ्या ओळीत त्या विचाराची पूर्तता, हा ब्लूजचा परिचित बंध त्यांनी जसाच्या तसा स्वीकारला. त्याला योडेलच्या गळ्याची जोड दिली. १९३० साली त्यांच्या 'ब्लू योडेल नंबर ९' या ध्वनिमुद्रणात लुई आर्मस्ट्राँग यांनी ट्रम्पेट आणि लिल हार्डिन आर्मस्ट्राँग यांनी पियानो वाजविला. कार्टर कुटुंबाचे ए. पी. कार्टर डोंगराळ प्रदेशात गीते गोळा करीत फिरत, तेव्हा त्यांच्यासोबत लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. चाली स्मरणात ठेवण्याचे काम रिडल करीत आणि मेबेल कार्टर यांनी त्यांच्याकडून वादनाचे काही विशेष आत्मसात केले. हँक विल्यम्स यांना अलाबामात रूफस पेन या रस्त्यावर गाणाऱ्या काळ्या कलावंताने घडविले. ब्लूग्रासचे जनक बिल मन्रो यांनी केंटकीतील आर्नल्ड शुल्ट्झ या काळ्या वादकाचे ऋण उघडपणे मान्य केले होते.

शुल्ट्झ यांचे उदाहरण येथे विशेष महत्त्वाचे आहे. अंगठ्याने मंद्र तारांवर ठेका धरावयाचा आणि इतर बोटांनी वरच्या तारांवर चाल वाजवावयाची, ही गिटारची पद्धत मर्ल ट्रॅव्हिस यांच्या नावाने ओळखली जाते. ट्रॅव्हिस यांना ती केंटकीच्या कोळसाखाणींच्या भागातील स्थानिक वादकांकडून मिळाली आणि त्या वादकांच्या परंपरेच्या मुळाशी शुल्ट्झ यांचे नाव येते. एल्विसचे गिटारवादक स्कॉटी मूर यांनी ट्रॅव्हिस आणि चेट ॲटकिन्स यांच्या शैलीवरून आपले वादन बेतले. म्हणजेच रॉकाबिलीतील ज्या अंगाला समीक्षक 'कंट्रीचा वारसा' म्हणतात, त्या अंगाची वंशावळही एका काळ्या श्रमिकापर्यंत पोहोचते. कार्ल पर्किन्स यांच्या बाबतीत तर मध्ये दुवेही नाहीत. टेनेसीच्या लेक काउंटीत अर्धेलीने शेती कसणाऱ्या कुटुंबात ते वाढले. कापसाच्या शेतात सोबत राबणाऱ्या जॉन वेस्टब्रुक या वयस्कर काळ्या मजुराकडून ते गिटार शिकले आणि नभोवाणीवर नॅशव्हिलचा 'ग्रँड ओल ऑप्री' हा कार्यक्रम ऐकत राहिले.

नभोवाणीलाही या संदर्भात स्वतंत्र स्थान दिले पाहिजे. बस, शाळा, उपाहारगृहे आणि नाट्यगृहे यांत वर्णानुसार जागा विभागलेल्या होत्या. ध्वनिलहरींची तशी विभागणी करणे कोणालाही शक्य नव्हते. मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए या केंद्राने १९४० च्या दशकाअखेर संपूर्ण प्रसारण काळ्या श्रोत्यांसाठी वाहिले आणि ते गोऱ्या घरांतही ऐकले जाऊ लागले. उलट ऑप्रीचे श्रोते काळ्या वस्त्यांतही होते. त्या कार्यक्रमाच्या आरंभीच्या काळातील लोकप्रिय कलावंतांत डीफोर्ड बेली हा काळा हार्मोनिकावादक होता. दौऱ्यावर असताना ज्या हॉटेलांत सहकारी उतरत, तेथे त्याला प्रवेश नसे. १९४१ मध्ये त्याला कार्यक्रमातून वगळण्यात आले आणि कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश २००५ साली, मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी झाला.

मेम्फिस आणि सन रेकॉर्ड्स

सॅम फिलिप्स यांनी जानेवारी १९५० मध्ये मेम्फिस येथे ७०६, युनियन अॅव्हेन्यू या पत्त्यावर ध्वनिमुद्रणाची छोटी जागा सुरू केली. आरंभीची काही वर्षे त्यांचे लक्ष प्रामुख्याने काळ्या कलावंतांवर होते. हाउलिन वुल्फ यांची पहिली ध्वनिमुद्रणे १९५१ मध्ये येथेच झाली. त्याच वर्षी जॅकी ब्रेन्स्टन यांच्या नावाने प्रसिद्ध झालेले आणि आइक टर्नर यांच्या वाद्यवृंदाने वाजविलेले 'रॉकेट ८८' येथेच मुद्रित झाले. गिटारच्या नादुरुस्त ॲम्प्लिफायरमधून आलेला फाटका नाद त्यात जाणीवपूर्वक राखण्यात आला. बिल हेली या गोऱ्या गायकाने त्याच वर्षी हे गीत आपल्या वेस्टर्न वाद्यवृंदासह गायिले. एल्विसपूर्वी तीन वर्षे ही वाट पडली होती, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे.

१९५२ साली 'सन' ही नाममुद्रा अस्तित्वात आली. तिचे पहिले मोठे यश म्हणजे १९५३ मधील रूफस थॉमस यांचे 'बेअर कॅट'. बिग मामा थॉर्नटन यांच्या 'हाउंड डॉग'ला दिलेले ते उत्तर होते. चाल उघडपणे तीच असल्याने त्यावर खटला झाला आणि सनला हार पत्करावी लागली. 'हाउंड डॉग' हे गीत लिहिणारे जेरी लायबर आणि माइक स्टोलर हे दोन तरुण स्वतः ज्यू, गोरे होते. ब्लूजची 'अस्सल' गणली जाणारी रचनाही वर्णाच्या एकाच कप्प्यात बसत नाही, याचे हे उदाहरण होय.

काळ्या गायकाचा नाद आणि भाव असलेला गोरा गायक मिळाला तर अमाप पैसा मिळविता येईल, असे फिलिप्स म्हणत असत, असे त्यांच्या सहकारी मॅरियन केस्कर यांच्या आठवणींच्या आधारे सांगितले जाते. त्या विधानाचा सूर आणि हेतू यांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र व्यवहार निर्विवाद आहे. एल्विसच्या यशानंतर सनच्या सूचीतील काळ्या कलावंतांची संख्या झपाट्याने घटली. रूफस थॉमस यांनी पुढे याविषयी उघड खंत व्यक्त केली. ज्या दालनाने रेषा पुसट केली, त्याच दालनात ती व्यापाराच्या बळावर पुन्हा आखली गेली.

ध्वनिमुद्रिकांची तुलना

सीमेचा प्रश्न अमूर्त पातळीवर सुटणारा नाही. त्यासाठी एकाच गीताची दोन रूपे शेजारी ठेवून ऐकावी लागतात.

पहिले उदाहरण 'दॅट्स ऑल राइट' या गीताचे. मिसिसिपीचे आर्थर 'बिग बॉय' क्रूडप यांनी ते १९४६ साली शिकागोत मुद्रित केले. गिटार, बास आणि ड्रम अशी साथ होती. या गीतातील काही शब्द त्याहून जुन्या ब्लूजमधून आलेले आहेत, कारण ओळींची अशी ये-जा हा ब्लूजचा परिपाठच होता. एल्विस, स्कॉटी मूर आणि बासवादक बिल ब्लॅक यांनी ते ५ जुलै १९५४ रोजी सनमध्ये मुद्रित केले. सार्वजनिक शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ मे १९५४ चा आहे. त्याला तेव्हा बरोबर सात आठवडे झाले होते.

दोन्ही रूपांत गीताचा सांगाडा जवळजवळ समान आहे. फरक आहे तो वजनाचा. क्रूडप यांच्या गायनात ड्रम जमिनीवर पाय रोवून चालतो आणि आवाज ताणलेला, चिरका आहे. एल्विसच्या रूपात ड्रम नाहीच. बासच्या तारा ओढून पट्टीवर आपटण्याच्या पद्धतीतून ताल उभा राहतो, साध्या गिटारची लगबग त्यात मिसळते आणि गीत हलके होऊन धावू लागते. गळ्यातील स्वरांचे उच्चारण मात्र ब्लूजचेच आहे. ब्लूजमधील गंधार हा कोमल आणि शुद्ध यांच्या दरम्यान कोठेतरी हेलकावतो. निषादाचेही तसेच. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला श्रुतिभेदाची कल्पना असल्याने हा हेलकावा चटकन जाणवतो. एल्विस तो टाळीत नाही किंवा त्याची नक्कलही करीत नाही. तो त्याच्या गळ्यातला झालेला आहे. त्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूस बिल मन्रो यांचे 'ब्लू मून ऑफ केंटकी' आहे. मूळचे संथ, तीन मात्रांच्या चालीचे ते गीत येथे चार मात्रांच्या ठेक्यावर उड्या मारते. एका बाजूस ब्लूज हलके केले आणि दुसऱ्या बाजूस कंट्री गीताला ब्लूजची चाल दिली. दोन्ही बाजू मिळून एकच शैली सिद्ध होते. मेम्फिसमधील ड्यूई फिलिप्स या निवेदकाने ही तबकडी वाजविल्यावर एल्विसला नभोवाणीवर त्याच्या शाळेचे नाव विचारले. शाळा वर्णानुसार वेगळ्या असल्यामुळे नावावरून श्रोत्यांना गायक गोरा असल्याचे कळले. कानांना जे ठरविता आले नाही, ते शाळेच्या नावाने ठरले.

दुसरे उदाहरण 'मिस्टरी ट्रेन'चे. ज्युनियर पार्कर यांनी ते १९५३ मध्ये सनसाठीच मुद्रित केले. त्यातील गाडी जड आहे. ठेका संथ घरंगळतो, सॅक्सोफोन इंजिनासारखा उसासतो आणि आवाजात सोशिकपणा आहे. एल्विसचे १९५५ मधील रूप वेगवान आहे. गाडीची चाल गिटारमध्ये आली आहे आणि गीत संपताना गायकाच्या तोंडून उत्स्फूर्त हास्य निसटते. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. मूर यांनी वाजविलेली गिटारची ओळ पार्करच्या 'मिस्टरी ट्रेन'मधील नाही. ती त्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूवरील 'लव्ह माय बेबी' या गीतातील गिटारच्या आकृतीवरून घेतलेली आहे. ज्या आकृतीला आज रॉकाबिली गिटारची खूण मानले जाते, ती एका ब्लूज वादकाच्या बोटांतून आली. दुसऱ्या बाजूने पाहता, पार्करच्या गीतातील गाडीचे कडवे कार्टर कुटुंबाच्या 'वरीड मॅन ब्लूज' (१९३०) या ध्वनिमुद्रणातही आढळते. कार्टर कुटुंबाच्या संग्रहाशी लेस्ली रिडल यांचे नाते वर आलेच आहे. म्हणजे गीत काळ्या-गोऱ्या परंपरेच्या सामाईक साठ्यातून कार्टर कुटुंबाकडे, पार्करकडे आणि तेथून एल्विसकडे गेले. 'मूळ' शोधीत मागे जाणाऱ्याच्या हाती एकच उगम लागत नाही.

तिसरे उदाहरण तुलनेने कमी चर्चिलेले आहे. बिली 'द किड' एमर्सन या काळ्या कलावंताचे 'रेड हॉट' सनने १९५५ मध्ये काढले आणि त्याच सनने १९५७ मध्ये ते बिली ली रायली यांच्या आवाजात पुन्हा काढले. एमर्सनचे रूप रिदम अँड ब्लूजच्या वाद्यवृंदाचे आहे. गायकाने साद घालावी आणि सोबत्यांनी प्रतिसाद द्यावा ही त्याची मूळ रचना आहे. रायलीने ती साद-प्रतिसादाची रचना तशीच ठेवली, वेग वाढविला आणि गिटार पुढे आणली. कंट्री संगीताचा अंश या रूपात शोधूनही फारसा सापडत नाही. तरीही ते रॉकाबिली म्हणून गणले जाते, आणि एमर्सनचे रूप ब्लूज किंवा रिदम अँड ब्लूज म्हणून. जागा एक, निर्माता एक, गीत एक. वर्गवारी बदलली ती वेगामुळे, गिटारमुळे आणि गायकाच्या वर्णामुळे. यांपैकी शेवटचे कारण निर्णायक नव्हते, असे म्हणणे कठीण आहे.

या तीन उदाहरणांवरून काही भेद मात्र मान्य करावे लागतात. रॉकाबिलीत वेग अधिक आहे, वाद्यसंच लहान आहे, सॅक्सोफोन बहुधा नाही आणि बासच्या आघाताला प्रमुख स्थान आहे. फिलिप्स यांनी दोन टेप-यंत्रांच्या साह्याने साधलेला क्षणिक प्रतिध्वनी आवाजाभोवती एक कृत्रिम पोकळी निर्माण करतो. तो या शैलीचा ठसा झाला. भावदृष्ट्याही अंतर आहे. ब्लूजमध्ये दुःखाशी जमवून घेण्याचे प्रौढपण असते. रॉकाबिलीत त्या दुःखाला हुलकावणी देणारे तारुण्य असते. हे भेद खरे आहेत, परंतु ते प्रमाणाचे भेद आहेत. दोन वेगळ्या जातींचे नाहीत.

उलट दिशेचा प्रवास

सरमिसळीचा विचार एकाच दिशेने केल्यास काळे कलावंत केवळ 'देणारे' ठरतात आणि त्यांची स्वतःची निवड अदृश्य होते. चक बेरी यांचे 'मेबेलीन' (१९५५) हे बॉब विल्स यांनी १९३८ मध्ये लोकप्रिय केलेल्या 'आयडा रेड' या ग्रामीण गीतावरून सुचलेले आहे. सेंट लुईस परिसरातील काळ्या श्रोत्यांसमोर बेरी हिलबिली धाटणीची गीते आवडीने सादर करीत असत. नाद, वेग आणि कथनपर शब्दकळा पाहता 'मेबेलीन'ला रॉकाबिली म्हणण्यास कोणताही सांगीतिक अडथळा नाही. तरीही बेरी यांची गणना त्या प्रकारात क्वचितच होते.

आर्थर गंटर यांचे 'बेबी लेट्स प्ले हाउस' हे आणखी बोलके उदाहरण आहे. या काळ्या ब्लूज गायकाने एडी अर्नल्ड यांच्या १९५१ च्या कंट्री गीतावरून प्रेरणा घेतली. १९५५ मध्ये एल्विसने गंटरचे गीत गायिले आणि ते कंट्री गीतांच्या राष्ट्रीय यादीत पोहोचले. कंट्रीतून ब्लूजमध्ये आणि ब्लूजमधून पुन्हा कंट्रीच्या यादीत, असा हा चार वर्षांतील फेरा आहे. बिग अल डाउनिंग या काळ्या पियानोवादकाने १९५८ मध्ये 'डाउन ऑन द फार्म' हे अस्सल रॉकाबिली वळणाचे गीत काढले. वांडा जॅक्सन यांच्या त्या काळातील ध्वनिमुद्रणांतही त्याचा पियानो आहे. याउलट फ्रँक फ्लॉइड ऊर्फ हार्मोनिका फ्रँक हा मिसिसिपीचा गोरा भटका गायक. त्याच्या तबकड्या ऐकून संग्राहकांनी कित्येक वर्षे त्याला काळा समजले होते. कानाला वर्ण ऐकू येतो, हा दावा या एका चुकीने निकालात निघतो.

कायदा, श्रेय आणि मोबदला

येथवरच्या विवेचनावरून 'मग सर्वच सर्वांचे' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. त्याच ठिकाणी थांबून कायद्याचा विचार करणे आवश्यक आहे.

अमेरिकेच्या १९०९ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार एकदा ध्वनिमुद्रित झालेले गीत कोणालाही प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट देऊन पुन्हा मुद्रित करता येई. ही रक्कम हक्कधारकास मिळे आणि हक्कधारक हा बहुधा गीतकार नसून प्रकाशक असे. संरक्षण होते ते शब्दांना आणि चालीला. गळ्याची फिरत, ठेक्याचे वजन, गिटारची आकृती यांना संरक्षण नव्हते. खुद्द ध्वनिमुद्रणाला संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण १५ फेब्रुवारी १९७२ पासून मिळाले. ब्लूजसारख्या मौखिक परंपरेत निर्मिती जेथे घडते, नेमकी तीच जागा कायद्याच्या नजरेबाहेर होती. 'लव्ह माय बेबी'मधील गिटारची आकृती संपूर्ण शैलीची खूण झाली, परंतु कायद्याच्या दृष्टीने ती कोणाचीच नव्हती.

क्रूडप यांच्या वाट्याला आलेला अनुभव याहून कठोर आहे. त्यांच्या गीतांचे हक्क लेस्टर मेलरोज या मध्यस्थाकडे होते. एल्विसने त्यांची तीन गीते गायिली, तरी क्रूडप शेतमजुरी करूनच पोट भरत राहिले. १९७० च्या दशकाच्या आरंभी थकीत स्वामित्वधनाबाबत झालेली तडजोड ऐन वेळी फिसकटली. १९७४ साली त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर त्यांच्या वारसांना काही रक्कम मिळाली. 'मिस्टरी ट्रेन'च्या श्रेयात पार्कर यांच्यासोबत पुढे फिलिप्स यांचेही नाव दिसू लागले. 'मेबेलीन'चे सहगीतकार म्हणून ॲलन फ्रीड या नभोवाणी निवेदकाचे आणि रस फ्रॅटो यांचे नाव छापले गेले. गीताचे संपूर्ण श्रेय बेरी यांच्याकडे परत येण्यास १९८६ साल उजाडले.

या अन्यायात वर्गाचाही भाग होता, हे नाकारता येणार नाही. अर्धेलीच्या शेतीतून आलेल्या गोऱ्या गायकांनाही करारनामे वाचता येत नव्हते आणि रायलीसारखे कित्येक जण यशाच्या उंबरठ्यावरच राहिले. परंतु गोऱ्या गायकासाठी निदान दार तरी उघडे होते. पर्किन्स यांचे 'ब्लू स्वेड शूज' १९५६ मध्ये पॉप, कंट्री आणि रिदम अँड ब्लूज या तिन्ही याद्यांत वरच्या स्थानी पोहोचले. काळ्या गायकासाठी कंट्रीच्या यादीचे दार जवळजवळ बंदच होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बर्मिंगहॅम येथे रंगमंचावर गात असलेल्या नॅट किंग कोल यांच्यावर वर्णद्वेष्ट्यांनी हल्ला केला. सीमारेषा पुसट आहे, असे त्या रंगमंचावरून म्हणता आले नसते.

अमिरी बराका यांनी लिरॉय जोन्स या नावाने लिहिलेल्या 'ब्लूज पीपल' (१९६३) मध्ये ब्लूजला अमेरिकेतील काळ्या समाजाच्या ऐतिहासिक अनुभवाचा उद्गार मानले. टोनी रसेल यांनी 'ब्लॅक्स, व्हाइट्स अँड ब्लूज' (१९७०) मध्ये दोन्ही समाजांच्या सामाईक भांडारावर भर दिला. ही दोन पुस्तके परस्परांचे खंडन करतात, असे मानण्याची प्रथा आहे. वस्तुतः ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. हे संगीत कोणत्या अनुभवातून उभे राहिले, हा बराका यांचा प्रश्न आहे. ते कोणाकोणाच्या हातांतून फिरले, हा रसेल यांचा. समीक्षेला दोन्ही प्रश्न एकत्र विचारता आले पाहिजेत.

निष्कर्ष

१. ब्लूज आणि आरंभीचे रॉकाबिली यांतील भेद वेग, वाद्यसंच, प्रतिध्वनीचे तंत्र आणि भाववृत्ती यांच्या प्रमाणाचा आहे. बंध, स्वरयोजना आणि गीतांचा साठा यांत दोन्ही प्रकार एकमेकांत गुंतलेले आहेत.

२. या दोहोंतील ठळक रेषा १९२० च्या दशकातील व्यापारी सूचींनी आखली. पुढे याद्या, नभोवाणी आणि वर्णविभाजनाचे कायदे यांनी ती टिकविली.

३. देवाणघेवाण दुहेरी होती. काळ्या कलावंतांनी कंट्री संगीतातून जाणीवपूर्वक निवड केली. रॉकाबिलीच्या इतिहासातून त्यांना वगळणे म्हणजे जुन्या सूचींचाच निवाडा मान्य करणे होय.

४. स्वरांची सीमा पुसट असल्याने श्रेयाचा प्रश्न सुटत नाही. उलट तो अधिक तीव्र होतो. सर्वांनी मिळून घडविलेल्या संगीताचे फळ काहींनाच मिळाले, ही वस्तुस्थिती सरमिसळीच्या गौरवाने झाकता येत नाही.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही. २०२४ मध्ये बियॉन्से यांचा 'काउबॉय कार्टर' हा गीतसंग्रह आला, तेव्हा तो कंट्री आहे किंवा नाही याविषयी वाद झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट कंट्री संग्रहाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाल्यावरही तो वाद शमला नाही. लेस्ली रिडल, आर्नल्ड शुल्ट्झ, रूफस पेन आणि जॉन वेस्टब्रुक ही नावे प्रचलित इतिहासात कोणाचे तरी गुरू म्हणून एका ओळीत येतात आणि नाहीशी होतात. शुल्ट्झ यांच्या वादनाची एकही तबकडी उपलब्ध नाही. त्यांच्या बोटांचा नाद आज ऐकावयाचा, तर तो ट्रॅव्हिस आणि मूर यांच्या गिटारमधूनच ऐकावा लागतो. दोन प्रकारांतील सीमारेषेचा अभ्यास करणाऱ्याने त्या नादामागचे नाव उच्चारणे, एवढे तरी त्याच्याकडून अपेक्षित आहे.